बोरघाट ते महामार्ग : रेल्वे व रस्ता मालवाहतुकीतील कार्बन उत्सर्जनाच्या अनुमानाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

रेल्वेने माल नेल्यास प्रदूषण कमी आणि ट्रकने नेल्यास अधिक, हे विधान आज पाठ्यपुस्तकांपासून शासकीय अहवालांपर्यंत सर्वत्र आढळते. वर्तमानापुरते ते बहुतांशी खरेही आहे. तथापि वाहतुकीच्या इतिहासाच्या अभ्यासात हे विधान मागे नेऊन लावले जाते, आणि १८५३ पासून रेल्वे ही जणू स्वभावतःच स्वच्छ व रस्ता हा स्वभावतःच मलिन अशी मांडणी होते. तेथे काळजी घेण्याची गरज आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यासाठी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, या प्रश्नाला काळ, इंधन, चढण, वाघिणीचे स्वतःचे वजन आणि परतीचा रिकामा प्रवास यांच्याखेरीज उत्तर नाही. प्रस्तुत निबंधात मुंबई–पुणे दरम्यानच्या बोरघाटाचे उदाहरण मुख्यत्वे घेऊन, आणि त्याला भारतीय रेल्वेच्या अखिल भारतीय आकडेवारीची जोड देऊन, या अनुमानाची ऐतिहासिक बाजू तपासण्याचा प्रयत्न केला आहे. येथील हिशेब अनुमानाचे आहेत. प्रत्येक ठिकाणी गृहीतके दिली असल्याने वाचकास ती बदलून वेगळे उत्तर काढता येईल.

अनुमानाची रीत

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार वाहतुकीतील उत्सर्जन मोजण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे जळालेल्या इंधनाचे प्रमाण गुणिले त्या इंधनाचा उत्सर्जन गुणांक. डिझेलचा गुणांक दर टेराज्यूल उष्णतेमागे ७४.१ टन कार्बन डायऑक्साइड इतका धरला जातो. म्हणजे एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६७ किलो वायू हवेत जातो. बिट्युमिनस कोळशाचा गुणांक ९४.६ टन आहे. चांगल्या प्रतीच्या, किलोमागे २५ मेगाज्यूल उष्णता देणाऱ्या कोळशाचा एक किलो जळाल्यास सुमारे २.४ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. एवढ्यापुरता हा गणिताचा विषय आहे.

खरी अडचण इंधनाचा आकडा मिळवण्यात असते, आणि येथे रेल्वे व रस्ता यांच्या दप्तरांत मूलभूत फरक आहे. रेल्वे ही पहिल्यापासून हिशेबी संस्था. किती टन माल कोणत्या स्थानकातून निघाला, किती मैल गेला, इंजिनाने किती कोळसा खाल्ला, याच्या नोंदी कंपनी सरकारच्या हमीच्या व्याजासाठी ठेवाव्याच लागत. रस्त्याचे तसे नाही. ट्रक हा बहुधा एका मालकाचा, दोन-चार गाड्यांच्या धंद्याचा. त्याच्या टन-किलोमीटरची नोंद कोणत्याही सरकारी कचेरीत होत नसे. २०१८ मध्ये ई-वे बिल सुरू होईपर्यंत देशातील रस्त्यावरून किती माल किती अंतर गेला हे सर्वेक्षणांवरून किंवा डिझेलच्या विक्रीवरूनच अंदाजावे लागे. त्यात डिझेल शेतीपंपांना, जनित्रांना व मोटारींनाही लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाच्या पाहणीत सुमारे ७० टक्के डिझेल वाहतुकीत जाते असे आढळले, आणि त्या ७० टक्क्यांतही खासगी मोटारी, बस व ट्रक वेगळे काढावे लागतात. नोंदणीकृत वाहनांची संख्या हा दुसरा आधार. पण नोंदणीच्या वहीत भंगारात गेलेली वाहनेही वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अतिभार हा तिसरा घोटाळा. परवाना दहा टनांचा आणि प्रत्यक्ष माल चौदा टनांचा असेल, तर कागदोपत्री दर टन-किलोमीटर उत्सर्जन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. कायदा मोडणारा ट्रक कार्बनच्या हिशेबात अधिक कार्यक्षम ठरतो, ही गोष्ट गमतीची असली तरी संशोधकाने विसरू नये.

बोरघाटाची चढण

कोकणातून देशावर माल चढवणे हा पश्चिम महाराष्ट्राच्या व्यापाराचा शतकानुशतकांचा प्रश्न होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वंजाऱ्यांचे तांडे घाट चढत-उतरत. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्यापुरती बोरघाटाची वाट सुधारली आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला. या वाहतुकीत खनिज इंधन जळत नव्हते. बैलांच्या रवंथातून निघणारा मिथेन हाही हरितगृह वायूच आहे. परंतु आजच्या पद्धतीत तो शेतीच्या खात्यावर पडतो, वाहतुकीच्या नव्हे. खात्यांची ही वाटणी पुढेही अडचणीची ठरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची आगगाडी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीमागे नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांचा उत्साह होता, तसाच मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा वऱ्हाडच्या कापसावरचा डोळाही होता. कापूस बंदरापर्यंत आणायचा तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. पहिला कंत्राटदार फॅविएल याने काम सोडले. नंतरचा सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवले. ऐन भरात बेचाळीस हजारांपर्यंत मजूर येथे राबत होते. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. सुमारे १६ मैलांच्या लांबीत १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर चढ, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट अशी ही चढण होती. गाडीची दिशा उलटी करण्यासाठी खंडाळ्याच्या अलीकडे एक उलटस्थानकही ठेवावे लागले होते.

कार्बनच्या अनुमानासाठी बोरघाट हा उत्तम नमुना आहे, कारण येथे वाहनाच्या गुणदोषांपेक्षा गुरुत्वाकर्षणाचा वाटा मोठा आहे आणि तो कोणत्याही दप्तराविना काढता येतो. एक टन वजन ५५८ मीटर उचलण्यासाठी सुमारे ५.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. वजन वाफेचे इंजिन उचलो, विजेचे उचलो की ट्रक, हा आकडा बदलत नाही. बदलते ते त्यामागे जळणारे इंधन. वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता सहा टक्के धरली, तर ५.५ मेगाज्यूल काम मिळवण्यासाठी ९१ मेगाज्यूल उष्णता, म्हणजे साडेतीन किलोंहून थोडा अधिक कोळसा लागेल. त्यातून सुमारे ८.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघेल. हे झाले एकूण वजनाच्या एका टनामागे. वाघिणीचे, इंजिनाचे आणि मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनाचे वजन धरून मालाच्या एका टनामागे दोन टन उचलावे लागले असे मानल्यास, घाट चढवलेल्या प्रत्येक टन मालामागे सुमारे १७ किलो वायू हवेत गेला. बँकर इंजिन रिकामे खाली परतताना बाष्पकात जाळावा लागणारा कोळसा यात धरलेला नाही.

आता याच उंचीवर आजचा डिझेल ट्रक चढवून पाहावा. इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरल्यास एकूण वजनाच्या टनामागे अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल, म्हणजे सुमारे १.३५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ट्रकचे स्वतःचे वजन धरून मालाच्या टनामागे २.२ किलो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील रेल्वेने घाटात जेवढा कार्बन सोडला, त्याच्या आठव्या हिश्श्याइतका कार्बन आजचा ट्रक सोडतो. एकोणिसाव्या शतकातील इंजिनाची एकविसाव्या शतकातील ट्रकशी तुलना करणे अन्यायाचे आहे, हे खरे. परंतु ‘रेल्वे म्हणजे कमी कार्बन’ हे सूत्र कालनिरपेक्ष मानणारे लोक नेमका हाच अन्याय उलट्या दिशेने करीत असतात.

विजेचे आगमन या चित्रात फरक पाडते, पण समजले जाते तितका नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विद्युत गाडी धावली आणि १९२९ मध्ये विजेची तार पुण्यापर्यंत पोहोचली. त्याच सुमारास नवी मार्गआखणी करून घाटातील उलटस्थानक वगळण्यात आले. सांध्यावर वळणारी लांबलचक मालगाडीची विद्युत इंजिने घाटात आली आणि रेल्वे कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. वीज म्हटली की टाटांच्या खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जलविद्युत केंद्रांची आठवण होते. ही केंद्रे त्याच सह्याद्रीच्या पाण्यावर चालत होती. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातील गाड्यांसाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथे स्वतःचे वीजगृह उभारले, आणि ते कोळशावर चालणारे होते. त्या काळच्या वीजगृहाची कार्यक्षमता पंधरा टक्के आणि तारेपासून चाकापर्यंतची पंचाहत्तर टक्के धरल्यास, एक टन एकूण वजन घाट चढवण्यासाठी साडेचार किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड येतो. धूर घाटातून गेला व ठाकुर्लीच्या धुरांड्यातून निघू लागला. मात्र तो जवळजवळ निम्मा झाला होता.

आजचा हिशेब अधिक बोलका आहे. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे अलीकडच्या वर्षांत सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. विद्युत इंजिनाची कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली, तर एक टन वजन घाट चढवण्यास १.९ युनिट, म्हणजे सुमारे १.३७ किलो कार्बन लागतो. ट्रकचा आकडा १.३५ किलो होता. दोघे जवळपास बरोबरीत आहेत! याचे कारण समजून घेतले पाहिजे. सपाटीवर लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर टनामागे दोन ते तीन किलो ओढ लागते, तर रबरी टायरला डांबरी रस्त्यावर आठ किलोंच्या आसपास. रेल्वेची सारी श्रेष्ठता या फरकात आहे. परंतु ३७ ला १ या चढणीवर केवळ गुरुत्वाकर्षणाची ओढ टनामागे २७ किलो असते. तिच्यापुढे घर्षणातील पाच-सहा किलोंचा फरक गौण ठरतो. घाटात रूळ आणि डांबर यांच्यात फारसे अंतर उरत नाही. उतरताना वीज परत तारेत सोडणाऱ्या नव्या इंजिनांचा लाभ तेवढा रेल्वेच्या बाजूने जमा करावा लागतो.

वाफेच्या युगातील टन-किलोमीटर

घाट हा अपवाद आहे आणि देशातील बहुतेक माल सपाटीवरून जातो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. म्हणून अखिल भारतीय आकडे पाहणे योग्य ठरेल. १९५०-५१ मध्ये भारतीय रेल्वेने एकूण ९.३ कोटी टन माल हलवला, त्यांपैकी भाडे मिळालेला माल ७.३२ कोटी टन होता. टन-किलोमीटरमध्ये एकूण काम सुमारे ४,४१२ कोटी आणि भाड्याचे काम सुमारे ३,७५७ कोटी होते. त्या सुमारास देशातील कोळशाचे उत्पादन वर्षाला सुमारे साडेतीन कोटी टन असून त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रेल्वे स्वतःच जाळत असे. हा कोळसा १.१ कोटी टन धरला आणि किलोमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रेल्वेचे उत्सर्जन सुमारे अडीच कोटी टन होते. त्यातील निम्मे मालगाड्यांच्या वाट्याचे मानू. मग एका टन-किलोमीटरमागे सुमारे २८५ ग्रॅम येतात.

येथे भाजक कोणता घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो. एकूण माल आणि भाड्याचा माल यांतील सुमारे दोन कोटी टनांचा फरक हा रेल्वेच्या स्वतःच्या सामानाचा आहे, आणि त्यात मोठा वाटा इंजिनांसाठी लागणाऱ्या कोळशाचा आहे. झरिया-राणीगंजच्या खाणींपासून देशभरच्या शेडपर्यंत हा कोळसा वाहून नेण्यासाठी पुन्हा कोळसाच जाळला जात होता. समाजाच्या दृष्टीने उपयोगाचे काम भाड्याच्या मालाचेच. म्हणून भाजक ३,७५७ कोटी घेतला, तर उत्तर ३३५ ग्रॅमपर्यंत जाते. एकाच वर्षाच्या, एकाच संस्थेच्या दोन आकड्यांत सतरा टक्क्यांचा फरक पडतो. पुढे डिझेल व वीज आल्यानंतर रेल्वेचा हा स्वतःसाठीचा माल घटला. त्यामुळे जुन्या व नव्या काळांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने कोणता भाजक वापरला हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, आणि ते बहुधा सांगितले जात नाही.

याच काळातील ट्रक कसा होता? १९५१ मध्ये देशात सुमारे ८२ हजार मालवाहू मोटारी होत्या. तीन टन माल व लिटरमागे साडेतीन किलोमीटर धावणारी पेट्रोलची गाडी धरल्यास पूर्ण भाराने टन-किलोमीटरमागे सुमारे २२० ग्रॅम येतात. तीनपैकी एक किलोमीटर रिकामा प्रवास धरला तर आकडा तीनशेच्या जवळ जातो. अर्थात स्वातंत्र्याच्या वेळी रेल्वे आणि ट्रक कार्बनच्या तराजूत जवळजवळ समान होते. त्या काळात या दोन साधनांतील निवड ही भाडे, परकीय चलन, रोजगार व वेळ यांची निवड होती. आजच्या अर्थाने ती पर्यावरणाची निवड नव्हती. कोळशाच्या ज्वलनाने हवा तापेल हा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ आर्हेनियस याने १८९६ मध्येच मांडला होता, पण वाहतूक धोरणाच्या कोणत्याही चर्चेत तो पोहोचण्यास आणखी नव्वद-शंभर वर्षे लागली.

मालाचे स्थलांतर

यानंतर रेल्वे स्वच्छ होत गेली, आणि नेमक्या त्याच काळात माल तिच्याकडून निघून गेला, हा या इतिहासातील मुख्य विरोधाभास होय. १९५७ मध्ये २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती विद्युत प्रणाली स्वीकारण्याचा निर्णय झाला. १९६० च्या दशकात वाराणसीच्या कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडू लागली. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. विजेच्या आजच्या गाडीचा सपाटीवरील हिशेब केला, तर घर्षणाची ओढ अडीच किलो, इंजिनाची कार्यक्षमता ऐंशी टक्के, आणि रिकाम्या वाघिणी धरून मालाच्या टनामागे १.८ टन एकूण वजन या गृहीतकांवर हजार टन-किलोमीटरला सुमारे १५ युनिट वीज लागते. म्हणजे टन-किलोमीटरमागे अवघे ११ ग्रॅम. २८५ वरून ११ ही घट पंचवीस पटींची आहे.

ट्रकही सुधारला, पण या मानाने कमी. १९५४ पासून जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले व डिझेलने पेट्रोलची जागा घेतली. दहा टन भाराचा, लिटरमागे चार किलोमीटर जाणारा ट्रक पूर्ण भाराने ६७ ग्रॅम आणि रिकामा परतीचा प्रवास धरून ९० ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन करतो. पंचवीस टनी बहुअक्षीय वाहन याच्या निम्म्यावर येते. १९५१ मधील समानतेपासून आज चौपट ते आठपट अंतर पडले आहे.

मात्र मालवाहतुकीतील रेल्वेचा हिस्सा टन-किलोमीटरमध्ये १९५०-५१ च्या सुमारे ८९ टक्क्यांवरून २००७-०८ मध्ये ३० टक्क्यांच्या आसपास आला, आणि २०२० च्या राष्ट्रीय रेल्वे योजनेने तो २७ टक्के धरून २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. हे घडले कसे? त्याची मुळे स्वातंत्र्यपूर्व काळात आहेत. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये रस्ते विकासाचा प्रश्न राष्ट्रीय म्हणून मांडला. त्यानंतर मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. मोटारी रेल्वेचे भाडे पळवतात या चिंतेतून मिचेल-कर्कनेस अहवाल १९३३ मध्ये आला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांचे कुंपण घातले. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व ग्रामीण अशी रस्त्यांची श्रेणी ठरवली. स्वातंत्र्यानंतर मसानी समितीने १९५९ मध्ये रस्ता वाहतुकीवरील बंधने सैल करण्याची बाजू घेतली आणि १९७५ च्या राष्ट्रीय परवाना योजनेने ट्रकला आंतरराज्य मार्ग मोकळा केला.

तथापि केवळ ट्रकला सवलती मिळाल्यामुळे रेल्वे हरली, असे म्हणणे रेल्वेला फारच सोयीचे ठरेल. वाघिणी वेळेवर न मिळणे, एकाच रुळावर प्रवासी गाड्यांना अग्रक्रम असल्याने मालगाडी बाजूला उभी राहणे, आणि प्रवासी भाडे स्वस्त ठेवण्यासाठी मालाचे भाडे वाढवत नेणे, ही कारणे रेल्वेच्या घरातलीच होती. १९८० च्या दशकात रेल्वेने सुटा माल टाळून संपूर्ण गाडी भरणाऱ्या कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खत अशा मालाकडे लक्ष वळवले. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण पंधरा टन मालाचा व्यापारी त्या दिवसापासून ट्रकचा कायमचा गिऱ्हाईक झाला. बाजारपेठेच्या गावांतील मालधक्के ओस पडण्यामागे हाही एक निर्णय आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने १९८० मध्ये सादर केलेल्या अहवालात ऊर्जेची बचत हा वाहतूक नियोजनाचा निकष म्हणून ठामपणे पुढे आला. लांब पल्ल्याचा व घाऊक माल रेल्वेने, जवळचा रस्त्याने, ही तिची दिशा होती. कार्बनचा शब्दही न वापरता आजच्या युक्तिवादाचा निम्मा भाग तेथे आला आहे. तो प्रत्यक्षात का उतरला नाही याचे उत्तर वरील परिच्छेदात आहे.

समितीचा हा विचार मुंबई–पुणे अंतराला लावून पाहता येईल. सपाटीचे सुमारे १६७ किलोमीटर ११ ग्रॅमच्या दराने व घाटाचे सव्वादोन किलो धरून रेल्वेने एक टन माल पुण्यास नेण्यास सुमारे ४ किलो कार्बन लागतो. ट्रकने १५० किलोमीटर व घाट धरून साडेपंधरा किलोंच्या आसपास. परंतु कारखाना ते मालधक्का आणि मालधक्का ते गोदाम असे दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीस किलोमीटर छोट्या टेम्पोने, टन-किलोमीटरला १५० ग्रॅमच्या दराने जावे लागले, तर साडेसात किलोंची भर पडते. चौपट दिसणारा लाभ साडेअकरा विरुद्ध साडेपंधरा एवढ्यावर येतो. हेच अंतर मुंबई ते नागपूर असते तर टोकांचा भार नगण्य ठरला असता. मालधक्का वस्तीपासून आणि उद्योगापासून किती दूर आहे, हा प्रश्न इंजिनाच्या जातीइतकाच महत्त्वाचा आहे.

आकडा कोणाच्या खात्यावर?

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या २००७ सालच्या हरितगृह वायू गणनेत वाहतुकीचे उत्सर्जन सुमारे १४.२ कोटी टन, आणि त्यात रस्त्यांचा वाटा ८७ टक्के दाखवला आहे. रेल्वेचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास दिसतो. हा आकडा उद्धृत करताना एक गोष्ट वारंवार निसटते. या गणनेत रेल्वेच्या नावावर जळलेले डिझेलच धरले जाते. विजेच्या इंजिनांमागचा कोळसा वीजनिर्मितीच्या खात्यावर जातो. त्यामुळे डिझेल इंजिन काढून विजेचे लावले की वाहतूक क्षेत्राचे उत्सर्जन कागदावर शून्य होते. ब्रॉडगेज मार्गाचे विद्युतीकरण २०२५ पर्यंत ९८ टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा रेल्वेचा उरलासुरला कार्बनही याच रीतीने दुसऱ्या वहीत गेला. ठाकुर्लीचे वीजगृह रेल्वेच्याच मालकीचे होते, तेव्हा असे करणे शक्य नव्हते. २०२३ मध्ये आलेल्या आयएसओ १४०८३ या आंतरराष्ट्रीय मानकात इंधनाच्या व विजेच्या निर्मितीपासूनचे उत्सर्जन वाहतुकीच्या साखळीतच धरण्याची पद्धत आहे, आणि ऐतिहासिक तुलनेसाठी तीच अधिक न्याय्य वाटते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. २०२२-२३ मध्ये रेल्वेने सुमारे १५१ कोटी टन माल भरला; त्यातील निम्म्याच्या जवळपास कोळसा होता. एक टन कोळसा हजार किलोमीटर नेताना विजेच्या रेल्वेतून ११ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच कोळसा वीजगृहात जळतो तेव्हा दीड टनाहून अधिक. पहिला आकडा वाहतुकीचा आणि दुसरा निर्मितीचा, असे म्हणून हात झटकता येतात. पण रेल्वेचे कमी कार्बनी सरासरी काम आणि तिची आर्थिक मिळकत ज्या मालावर उभी आहे, तो माल कोळसा आहे, हे नोंदवणे भाग आहे. १९५२ पासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या भाडे समानीकरण धोरणानेही खाणीपासून दूरच्या कारखान्यापर्यंत कोळसा व पोलाद वाहून नेणे स्वस्त केले होते. त्यामुळे टन-किलोमीटर वाढले. पण ते सर्वच आवश्यक होते काय, हा प्रश्न कोणत्याही गुणांकातून सुटत नाही.

देशातील वीज सूर्य व वाऱ्याकडे जसजशी वळेल तसतसा कोळशाचा माल घटेल. तेव्हा रेल्वेला धान्य, सिमेंट, कंटेनर, फळे, सुटे भाग असा माल परत मिळवावा लागेल, म्हणजे १९८० च्या दशकात जो तिने स्वतःहून सोडला तोच. जवाहरलाल नेहरू बंदर ते दादरी हा १,५०६ किलोमीटरचा समर्पित मालवाहतूक मार्ग याच विचाराने आखला गेला. त्याचा बंदराकडील शेवटचा तुकडा सर्वांत उशिरा हाती आला, आणि दरम्यानच्या वर्षांत उरणच्या रस्त्यांवर कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा लागत राहिल्या. या वर्षांचा कार्बन मोजायचा तर रेल्वेच्या दप्तरात तो सापडणार नाही. तो वाहतूकदारांच्या खतावण्यांत, डिझेल पंपांच्या पावत्यांत आणि बंदराच्या फाटकावरील नोंदींत विखुरलेला आहे. वाफेच्या काळातील शेडच्या कोळसा-वह्या जशा आज अभ्यासकाला हव्याशा वाटतात, तशीच ही कागदपत्रे पन्नास वर्षांनी हवी असतील. आणि ती जपून ठेवण्याची जबाबदारी सध्या कोणत्याही अभिलेखागारावर नाही.